यिर्कालाचं बुकू-लारङ्गाय मुल्का केंद्र: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नेम लँडच्या ईशान्य टोकावर यिर्काला नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या योल्ङू लोकांचं कलाकेंद्र आणि वारसा-संग्रह पाहायला जगभरातून माणसं येतात. त्यातली बरीच अर्धवट तयारीनं येतात आणि दुकानातून एक टोपली घेऊन परत जातात. भारतातून किंवा मेलबर्न-सिडनीहून जाणाऱ्या मराठी मंडळींना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

केंद्र नेमकं कुठे आहे? नावाचा अर्थ काय?

नुलुनबॉय हे खाणीसाठी वसवलेलं शहर. तिथून साधारण १८ किलोमीटरवर यिर्काला. १९३५ मध्ये इथे मेथडिस्ट मिशन सुरू झालं. मिशनच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत १९७६ मध्ये कलाकेंद्र उभं राहिलं. आज त्याचा कारभार योल्ङू समाजाच्याच हाती आहे. यिर्कालाबरोबरच आसपासच्या दूरच्या वाड्यांवर राहणाऱ्या कलाकारांचं कामही इथेच येतं.

‘बुकू-लारङ्गाय’ म्हणजे उगवतीकडे तोंड केल्यावर चेहऱ्यावर पडणारं पहिलं ऊन. ‘मुल्का’ म्हणजे पवित्र तरीही सगळ्यांसमोर होणारा विधी. धरून ठेवणं, जपणं असाही त्याचा अर्थ आहे. संग्रहालयाला याहून नेमकं नाव सापडणं कठीण.

‘ॲबओरिजिनल’ म्हणायचं, ‘आदिवासी’ म्हणायचं की आणखी काही?

‘योल्ङू’ म्हणा. ऑस्ट्रेलियात शेकडो वेगवेगळे मूळ समाज आहेत आणि त्यांच्या भाषाही वेगळ्या. एकाचं नाव दुसऱ्याला लावणं म्हणजे मालवणी माणसाला पंजाबी म्हणण्यासारखं. योल्ङू लोक बाहेरच्यांना ‘ङापाकी’ म्हणतात. तुम्हीही ङापाकीच.

परवाना लागतो का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आर्नेम लँड ही योल्ङू आणि शेजारच्या इतर समाजांच्या मालकीची जमीन आहे. दुसऱ्याच्या वावरात जसं विचारून पाऊल टाकतात, तसंच इथे.

विमानानं येऊन नुलुनबॉयमध्ये राहायला परवाना लागत नाही, कारण शहर खाणीच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे. यिर्कालाच्या केंद्रात जाऊन संग्रहालय आणि दुकान पाहायलाही वेगळा परवाना मागत नाहीत. पण त्याचा अर्थ केंद्रापर्यंत जा आणि परत या, एवढाच. गावातल्या गल्ल्यांतून फिरणं, घरांसमोर थांबणं, समुद्रकाठी चटई टाकणं त्यात येत नाही.

आसपासचे किनारे आणि मुक्कामाच्या जागा धिमुरू ही योल्ङूंची संस्था सांभाळते. ती १९९२ पासून काम करते आहे. तिथे जायचं तर तिचा सशुल्क परवाना घ्यावा लागतो. काही जागांसाठी त्यावर आणखी वेगळी नोंदणी लागते, कारण एका वेळी मोजक्याच गाड्या सोडतात.

गाडीनं सेंट्रल आर्नेम रोडवरून येणार असाल तर नॉर्दर्न लँड कौन्सिलचा, म्हणजे मूळ समाजांच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा, प्रवास-परवाना हवाच. त्यासाठी निदान १० कामाचे दिवस हातात ठेवा. ‘निघायच्या आदल्या दिवशी ईमेल टाकू’ म्हणणारे वाटेवरच्या कॅथरीन शहरातच अडकून पडतात.

कसं पोहोचायचं?

बहुतेक लोक डार्विन किंवा केर्न्सहून विमानानं येतात. डार्विनहून साधारण सव्वा तास लागतो. तिकिटावर विमानतळाचं नाव ‘गोव’ असतं. आपल्या गोव्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या विल्यम गोव या हवाई दलातल्या अधिकाऱ्याचं ते नाव आहे. तिकीट शोधताना मात्र जीओव्ही आणि जीओआय या कोडमध्ये गल्लत करू नका. दुसरा कोड दाबोळीचा.

विमानतळावरून शहर १३ किलोमीटरवर आहे. भाड्याची गाडी आधीच ठरवून ठेवा. गाड्या मोजक्या असतात आणि उतरल्यावर शोधायला गेलं तर मिळेलच असं नाही.

रस्त्यानं यायचं तर कॅथरीनच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर स्टुअर्ट हायवेवरून वळायचं. तिथून सुमारे ७०० किलोमीटर, बहुतांश कच्चा रस्ता. तांबडी धूळ, पन्हाळी पत्र्यासारखे उंचसखल पट्टे आणि नदीचे उतार. चारही चाकांना जोर देणारी गाडी, दोन जादा चाकं, भरपूर पाणी, आणि वाटेतल्या बुल्मन गावात टाकी भरून घेणं, यात सूट नाही. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा. कच्च्या रस्त्यावरचं नुकसान अनेक कंपन्यांच्या विम्यात बसत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. तेव्हा नद्या फुगतात, रस्ता बंद होतो आणि दमटपणा आपल्या कोकणातल्या जूनसारखा असतो. विमानानं येणाऱ्याला पावसाळ्यातही यायला हरकत नाही, कारण झाडाच्या सालीवर काढायच्या चित्रांसाठी साल सोलायचे दिवस तेच.

ऑगस्टच्या सुरुवातीला गुल्कुला इथे चार दिवस गार्मा हा योल्ङू संस्कृतीचा महोत्सव भरतो. तेव्हा विमानाची आणि राहण्याची जागा महिनोन् महिने आधीच संपलेली असते. महोत्सवाला यायचं नसेल तर तो आठवडा टाळा.

केंद्राच्या वेळा काय आहेत? किती वेळ लागतो?

आठवड्याच्या कामाच्या दिवशी उघडं असतं. शनिवारी गेलात तर सकाळचं गाठा, रविवारी जाऊ नका. नेमक्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून घ्या. भारतातून फोन करत असाल तर तिथलं घड्याळ बरोबर ४ तास पुढे असतं. तिथे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५.

आधी फोन करण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गावात कुणी गेलं की अंत्यविधी दिवसेंदिवस, कधी आठवडे चालतात. त्या काळात केंद्र किंवा गावाचा काही भाग बंद राहू शकतो. आगाऊ नोटीस मिळत नाही आणि तक्रार करायला जागाही नाही. म्हणून एका दिवसाचा बेत आखू नका. नुलुनबॉयमध्ये निदान दोन रात्री ठेवा.

आत निदान दोन तास लागतात. ज्यांना चित्रं खरोखर वाचायची आहेत त्यांना अर्धा दिवसही कमीच पडतो.

आत गेल्यावर आधी काय पाहायचं?

दुकानातून सरळ संग्रहालयात जा आणि चर्चचे दोन फलक शोधा. शोधावे लागत नाहीत म्हणा. प्रत्येक सुमारे १२ फूट उंच आणि ४ फूट रुंद आहे, मॅसोनाइटच्या दाबलेल्या लाकडी तक्त्यावर रंगवलेला. १९६२-६३ मध्ये यिर्कालाच्या नव्या चर्चसाठी वेगवेगळ्या कुळांच्या वडीलधाऱ्यांनी ते रंगवले. एकावर धुवा कुळांची चित्रं, दुसऱ्यावर यिरिट्जा कुळांची (योल्ङू जगाचे हे दोन अर्धे भाग, त्यांच्याबद्दल पुढे). क्रुसाच्या दोन बाजूंना ते उभे केले होते. मिशनऱ्यांच्या देवघरात योल्ङूंनी आपला कायदा नेऊन ठेवला, तोही भांडण न करता.

फलक एकसंध दिसतात, पण आत खणांसारखे विभाग आहेत. प्रत्येक विभाग एका कुळाचा आणि तो त्याच कुळाच्या हक्कदारानं रंगवलेला. धुवा फलकावर जांगकावू बहिणी समुद्रापलीकडच्या बुराल्कू बेटावरून होडीतून येतात, यालांगबारा इथे किनाऱ्याला लागतात आणि काठ्या जमिनीत रोवत गोड्या पाण्याचे झरे काढत जातात. जवळ जाऊन रेषा पाहा. एकेका बोटाच्या रुंदीत आडव्या-तिरप्या पाच-सहा रेषा एकमेकींना छेदतात आणि एकही रेषा शेजारच्या कुळाच्या हद्दीत शिरत नाही.

७० च्या दशकात चर्चनं हे फलक बाहेर टाकले. १९७८ मध्ये केंद्रानं ते परत मिळवले. आज ज्या दालनात ते उभे आहेत ते फेब्रुवारी १९९८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उघडलं. मधली काही वर्षं ते कुठे, कसे पडून होते हे लक्षात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं तर रंगाचे उडालेले कोपरे वेगळे दिसतात.

ही चित्रं धार्मिक आहेत की कलाकृती?

मराठी माणसाला एका शब्दात सांगायचं तर सातबारा. कोणती जमीन, कोणता झरा, कोणता खडक कुणाचा, तो कुणाकडून आला आणि आता कुणी सांभाळायचा, हे या रेषांत लिहिलेलं असतं. ज्याचा हक्क नाही त्यानं ती नक्षी काढायची नाही. परवानगीशिवाय काढली तर ती चोरी ठरते, आणि भांडण चित्रापुरतं राहत नाही.

हे सरकारला समजावण्याचा पहिला मोठा प्रयत्न यिर्कालातूनच झाला. मार्च १९६३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीसाठी आर्नेम लँडच्या राखीव क्षेत्रातून ३०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन सरकारनं काढून घेतली, योल्ङूंना न विचारता. त्या जुलैत किम बीझली थोरले आणि गॉर्डन ब्रायंट हे दोन खासदार गावात आले. चर्चमधले फलक पाहून बीझलींनी सुचवलं की अर्ज करायचाच तर सालीवर करा. मग गुमाच या योल्ङू भाषेत आणि इंग्रजीत टाइप केलेला कागद सालीवर चिकटवला आणि भोवती कुळांच्या नक्षीची चौकट रंगवली. १४ ऑगस्ट १९६३ रोजी हा अर्ज कॅनबेराच्या संसदेत मांडला गेला. सह्यांबद्दल सरकार पक्षानं शंका काढली, तेव्हा आणखी लोकांचे अंगठे घेऊन दुसरा अर्ज गेला.

संसदेनं समिती नेमली. समितीनं पवित्र जागा जपाव्यात आणि भरपाई द्यावी, असं म्हटलं. खाण मात्र झालीच. योल्ङू कोर्टात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योल्ङूंची स्वतःची कायद्याची व्यवस्था आहे हे मान्य केलं, पण ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात त्यातून जमिनीची मालकी निघत नाही असा निकाल दिला. त्या निकालाची बोच राहिली आणि त्यातून चौकशी आयोग बसला. पुढे १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा (ऑस्ट्रेलियाच्या ज्या प्रदेशात आर्नेम लँड येतं त्याचा) जमीनहक्क कायदा आला. २००८ मध्ये ब्लू मड बे या उपसागराबाबतच्या खटल्यात भरती-ओहोटीच्या पाण्यावरचा हक्कही मिळाला. गोव भागातल्या जमिनीच्या भरपाईचा प्रश्न तर १२ मार्च २०२५ ला उच्च न्यायालयात योल्ङूंच्या बाजूनं लागला. उच्च न्यायालय हे तिथलं सर्वांत वरचं न्यायालय, आपल्याकडच्या नावावरून फसू नका.

सालीवरचे ते अर्ज कॅनबेराच्या संसद भवनात पाहायला मिळतात. मात्र आधी यिर्कालाचे फलक पाहून मग कॅनबेराला गेलात तर अर्जाच्या चौकटीतली नक्षी ओळखता येते. उलट्या क्रमानं तेवढं कळत नाही.

धुवा आणि यिरिट्जा म्हणजे काय?

योल्ङू जगाचे दोन अर्धे भाग. माणसंच नव्हेत, तर वारे, मासे, झाडं, जागा, गाणी, सगळं यापैकी एकात मोडतं. मूल वडिलांच्या भागात जातं आणि लग्न दुसऱ्या भागातच करायचं. सगोत्र विवाहाची बंदी ठाऊक असलेल्याला हे चटकन कळतं, फक्त इथे गोत्रं दोनच आणि समुद्रालाही गोत्र आहे. आई नेहमी दुसऱ्या भागातली असते, म्हणून आईच्या कुळाच्या विधींवर आणि चित्रांवर देखरेख करायची जबाबदारीही माणसावर येते. चित्रकाराच्या माहितीपत्रात कुळाचं नाव पाहिलंत की आधी धुवा की यिरिट्जा ते बघा. पुढचं अर्धं चित्र त्यातून उलगडतं.

नमुन्याला गुमाच कुळाची चौकटीची नक्षी घ्या. हे कुळ यिरिट्जा. नक्षीत शंकरपाळ्यांसारखे चौकोन ओळीनं जोडलेले दिसतात. ती आग आहे. लाल म्हणजे ज्वाळा, पांढरा धूर आणि राख, काळा कोळसा, पिवळी धूळ. एकदा हे कळलं की भिंतीवरची चार चित्रं तरी लांबूनच ओळखता येतात.

ठिपक्यांची चित्रं कुठे आहेत?

इथे नाहीत. ठिपक्यांची शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. १९७१ नंतर पापुन्या या तिथल्या वस्तीतून ती जगभर गेली. यिर्कालाच्या कर्मचाऱ्यांना हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. तुम्ही विचारू नका.

साल कशी तयार करतात?

झाड ‘गाडाय्का’, म्हणजे धागेदार सालीचं युकॅलिप्टस. पावसाळ्यात खोडात रस चढतो तेव्हाच साल सुटते. कोरड्या दिवसांत ओढली तर फाटते. बुंध्यापाशी आणि वर हात पोहोचेल तिथे कुऱ्हाडीनं गोल खाच मारतात, मध्ये उभा छेद देतात आणि काठी आत सारत साल हळूहळू सोलून काढतात. एकसंध पन्हळ हातात येते. गाठ किंवा वाळवीची वाट असलेलं झाड आधीच सोडून देतात.

मग बाहेरचा खरखरीत थर सुरीनं तासायचा. पन्हळ निखाऱ्यांवर धरायची. आतली ओल वाफ होऊन निघते आणि साल कातड्यासारखी मऊ पडते. तेवढ्या वेळात ती सपाट करून वर दगड-वाळूचं वजन ठेवतात आणि काही दिवस तशीच वाळू देतात. घाई केली तर वर्षभरानं चित्र कडेनं वळायला लागतं.

रंगवायची ती आतली गुळगुळीत बाजू. तिला घासून आधी लाल किंवा काळ्या रंगाचा हात देतात. रंग चारच, तेही जमिनीतून: पांढरी माती (गापान), लाल आणि पिवळा गेरू, काळा. दगडावर पाण्यात उगाळायचे. पूर्वी रंग धरून राहावा म्हणून ऑर्किडच्या कंदाचा चीक वापरत, आता लाकडाला लावतात तो पांढरा गोंद. आपल्याकडचे वारली चित्रकार पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ घेतात, तिथे त्या जागी माती.

शेवटची बारीक जाळी ‘मार्वात’ नावाच्या कुंचल्यानं काढतात. हा कुंचला म्हणजे काडीला बांधलेले माणसाचे मोजके लांब केस. केस रंगात बुडवून सालीवर आडवे टेकवतात आणि एका ओढीत रेष संपवतात. अशा हजारो रेषा एकमेकींवर पडल्या की चित्र लकाकू लागतं. त्या लकाकीला ‘बिर्युन’ म्हणतात. योल्ङूंच्या दृष्टीनं ती पूर्वजांची शक्ती. म्हणून चित्रासमोर उभं राहून थोडं डावीकडे-उजवीकडे सरका. फोटोत बिर्युन उतरत नाही.

मग काही चित्रं पत्र्यावर आणि रबरावर का आहेत?

केंद्राचा जुना नियम असा की जमीन रंगवायची असेल तर जमिनीतलंच साहित्य वापरा. त्यामुळे दुकानात तयार कॅनव्हासवरची ॲक्रिलिक चित्रं मिळत नाहीत. पुढे गुन्यबी गानांबार यांच्यासारख्या कलाकारांनी प्रश्न केला की खाणीनं आमच्या जमिनीवर टाकून दिलेला पत्रा, पट्ट्याचं रबर, ॲल्युमिनियम हेही आता जमिनीवरच सापडतं, नाही का? वडीलधाऱ्यांनी ते मान्य केलं. २०१८ मध्ये गानांबार यांच्या ॲल्युमिनियमवर कोरलेल्या कामाला टेल्स्ट्रा पुरस्कारांतलं, म्हणजे मूळ समाजांच्या कलेसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांतलं, पहिलं बक्षीस मिळालं.

छापचित्रांबाबत नियम उलटा आहे. ती यंत्रावर निघतात, म्हणून पवित्र नक्षी त्यात घ्यायची नाही. छापचित्रांत गोष्टी, प्राणी, रोजचं जगणं दिसतं ते याच कारणानं. स्वस्तही असतात. पहिल्यांदा विकत घेणाऱ्यानं इथून सुरुवात करावी.

फोटो काढता येतात का?

संग्रहालयात नाही, असं धरूनच आत जा. दुकानात विचारा. माणसांचे, मुलांचे, घरांचे, विधींचे फोटो परवानगीशिवाय अजिबात नाही. लांबून झूम करूनही नाही. तुम्ही काढलेल्या फोटोतला माणूस पुढे वारला तर त्याचं चित्र फिरत राहणं त्याच्या घरच्यांना त्रासाचं होतं. समाजमाध्यमांवर टाकण्याआधी हा विचार करा.

बोलताना काय पाळायचं?

नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव घेऊ नका. एखाद्या मोठ्या चित्रकाराबद्दल विचारायचं असेल तर चित्राकडे बोट न दाखवता नजरेनं खुणवून ‘हे काम कुणाचं?’ एवढंच म्हणा. समोरचा ठरवेल काय सांगायचं ते.

प्रश्नाला उत्तर लगेच आलं नाही तर गप्प राहा. मोकळी शांतता भरायची आपली सवय इथे उद्धटपणा वाटते. सतत डोळ्यांत डोळे घालून बोलू नका. ‘याचा गुप्त अर्थ काय?’ हे तर विचारूच नका. सालीवर दिसतो तो अर्थाचा वरचा, सर्वांसाठी खुला थर असतो. खालचे थर वय आणि विधींप्रमाणे उघडतात, आणि आतला अर्थ विकायला नाही.

चार शब्द पुरेत: ‘यो’ म्हणजे हो, ‘याका’ म्हणजे नाही, ‘मान्यमाक’ म्हणजे छान, ‘मा’ म्हणजे ठीक, चला.

उच्चार जमतील का?

इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा तुम्हाला लवकर जमतील. योल्ङू भाषांच्या रोमन लिपीत काही अक्षरांखाली रेघ असते. तिथे जीभ मागे वळवून ट, ड, ण, ळ म्हणायचं. मडायिन (पवित्र कायदा), यिडाकी (फुंकून वाजवायचं वाद्य), ळाराकिच (पोकळ खोडाचा रंगवलेला खांब). मेलबर्नचा माणूस ‘ळ’पाशी अडखळतो, सांगलीचा नाही. शेपटीवाला एन म्हणजे आपला ‘ङ’. वाङ्मयातला. फक्त तिथे तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो, त्यासाठी थोडा सराव लागेल.

आणखी एक ओळखीचा शब्द ऐकू येईल. पैशाला योल्ङू लोक ‘रुपिया’ म्हणतात. समुद्रकाकडी गोळा करायला सुलावेसीतल्या मकासारहून दरवर्षी गलबतं येत, १९०७ च्या सुमाराला ते थांबलं. त्या खलाशांच्या बोलीतून हा शब्द इथे आला आणि त्याचं मूळ आपल्याच रुपयाच्या घराण्यातलं. त्या गलबतांची चित्रं योल्ङूंनी दगड मांडून जमिनीवर काढून ठेवली आहेत. यिर्कालाजवळच्या वुर्वुर्वुय इथली ही मांडणी २०१३ पासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आहे.

यिडाकी वाजवून बघता येते का? बायकांनी?

यिडाकी म्हणजे बाहेर ज्याला डिजेरिडू म्हणतात ते वाद्य. वाळवीनं आतून पोखरलेलं खोड ठोकून, आवाज ऐकून निवडतात. योल्ङू समाजात ती पुरुष वाजवतात. दुकानातली यिडाकी उचलून फुंकायच्या आधी विचारा, आणि बायकांनी तिथे न वाजवणंच बरं. घरी नेल्यावर कोरड्या हवेत खोड उभं तडकतं. आतून तेलाचा हात आणि वातानुकूलित खोलीपासून दूर ठेवणं, हे दोन उपाय.

काय विकत घ्यावं, खरं-खोटं कसं ओळखावं?

केंद्राच्या दुकानातली प्रत्येक वस्तू क्रमांकासह नोंदलेली असते. सोबत प्रमाणपत्र मिळतं: कलाकार, कुळ, वाडी, साहित्य आणि चित्राची सांगण्याजोगी गोष्ट. हा कागद चित्राइतकाच जपा. त्याशिवाय पुढे त्याची किंमत आणि ओळख दोन्ही जातात. विमानतळांवरच्या दुकानांत बांबूवर ठिपके मारलेली स्वस्त ‘डिजेरिडू’ दिसतात. बांबू या कामाचा नाही, तिथेच समजून जा.

पुढे कधी चित्र ऑस्ट्रेलियात एखाद्या दलालामार्फत १,००० डॉलर किंवा जास्त किमतीला विकलं गेलं तर त्यातले ५ टक्के कलाकाराला किंवा वारसांना जातात. हा नियम जून २०१० पासून आहे. घासाघीस करू नका. ती इथली रीत नाही.

गुंगा, म्हणजे केवड्याच्या जातीच्या पानांच्या टोपल्या हलक्या असतात आणि बॅगेत मावतात. ळाराकिच हे पोकळ खोडाचे रंगवलेले खांब मूळचे अस्थी ठेवण्याचे, आता कलाकृती म्हणूनही होतात. माणूसभर उंचीचे असल्यामुळे ते मालवाहतुकीनेच पाठवावे लागतात.

भारतात आणताना अडचण येते का?

केंद्रातून घेतलेल्या नव्या कामाला सहसा अडचण येत नाही. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली वस्तू असेल तर थांबा. १९८६ च्या वारसा कायद्यानुसार पवित्र-गुप्त विधीवस्तू आणि प्रत्यक्ष अंत्यविधीत वापरलेले सालीचे-खोडाचे अस्थिकलश देशाबाहेर नेताच येत नाहीत. पिसं लावलेल्या वस्तू, उदाहरणार्थ पहाटताऱ्याचा खांब, वन्यजीव नियमांत येतात. दुकानात आधीच विचारून कागद करून घ्या. भारतात उतरल्यावर लाकडी वस्तू जाहीर करा आणि पावती हाताशी ठेवा.

साल गुंडाळायची नाही. कितीही मऊ वाटली तरी नाही. कडक पेटी, आत आम्लरहित कागद, रंगाच्या बाजूला काहीही घासणार नाही असं बांधून घ्या. केंद्र पॅकिंग करून पाठवतं. पैसे वाचवायला स्वतः बॅगेत घालणाऱ्यांच्या चित्राचे कोपरे मुंबईला पोहोचेपर्यंत गेलेले असतात.

घरी टांगायचं कसं?

साल हवेबरोबर हलते. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळ्यात ओल पिऊन सरळ होते आणि बुरशी धरते. नागपूर-संभाजीनगरच्या मे महिन्यात आक्रसून वळते, जास्त झालं तर चिरते. धोका एका टोकाला असण्यात कमी, वारंवार बदलण्यात जास्त. रात्री एसी, दिवसा उघडी खिडकी, हे सगळ्यात वाईट.

वर-खाली आडव्या पट्ट्यांवर चित्र येतं, त्या काढू नका. त्याच सालीला सरळ धरतात. बाहेरच्या भिंतीवर नको, कारण पावसात ती झिरपते. आतल्या भिंतीवर, मागे बोटभर हवा खेळेल असं टांगा. काच लावली तर रंगाला टेकू देऊ नका. ओलं फडकं कधीच नको, गेरू निघून येतो. कोरड्या मऊ कुंचल्यानं वर्षातून एकदोनदा धूळ उडवली की झालं.

जुन्या फिती आणि फोटो पाहता येतात का?

२००७ पासून केंद्रात मुल्का प्रोजेक्ट चालतो. बाहेरच्या संशोधकांनी नेलेले फोटो, गाणी, चित्रफिती परत मिळवून डिजिटल संग्रहात ठेवणं आणि नवं चित्रण करणं, हे त्याचं काम. १९४७ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्न्ट यांनी वडीलधाऱ्यांकडून तपकिरी कागदावर रंगखडूंनी ३६५ चित्रं काढून घेतली, कारण साली सुखरूप पोहोचतील याची खात्री नव्हती. ती आज पर्थच्या विद्यापीठात आहेत. अशा बाहेर गेलेल्या गोष्टींशी गावाचं नातं पुन्हा जोडणं ही मुल्काची मुख्य कामगिरी. संग्रह आधी योल्ङूंसाठी आहे. पाहुण्यांना खुल्या फिती दाखवतात. संशोधन करायचं तर काही महिने आधी लिहा, काय हवं आणि त्यातून गावाला काय परत मिळणार ते स्पष्ट सांगा.

जेवण, मुलं, पोहणं, दारू?

शाकाहारी जेवणाची सोय नुलुनबॉयच्या सुपरमार्केटमधून स्वतःच करा. यिर्कालात हॉटेल धरून चालू नका. मुलं चालतात, पण त्यांना चित्रांना हात लावू देऊ नका. गावातले कुत्रे मोकळे असतात, कुरवाळायला जाऊ नका. समुद्र निळाशार दिसतो, पण त्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, पाण्याच्या कडेलाही उभं राहू नका. मगरीला ‘बारू’ म्हणतात आणि मादार्पा कुळाची ती पूर्वज, चित्रांत आग घेऊन येते. यिर्काला दारूबंदीचं गाव आहे, गाडीतली बाटलीही चालत नाही. नुलुनबॉयमध्ये दुकानातून दारू न्यायची तर त्याचाही परवाना काढावा लागतो.

यिर्कालाला जाणं शक्य नसेल तर?

डार्विनच्या संग्रहालयात दरवर्षी टेल्स्ट्रा पुरस्कारांचं प्रदर्शन भरतं, त्यात यिर्कालाचं काम बहुधा असतंच. सिडनीच्या सागरी संग्रहालयाकडे ‘सॉल्टवॉटर’ (खारं पाणी) नावाचा सालीवरच्या चित्रांचा संग्रह आहे. त्यामागची गोष्ट अशी. १९९६ मध्ये ब्लू मड बेमधल्या एका पवित्र जागी बेकायदा मासेमारांच्या तळावर मगरीचं तोडलेलं मुंडकं सापडलं. त्यावर ४७ कलाकारांनी ८० साली रंगवून आपल्या समुद्राची हद्द दाखवली. सिडनीत नातेवाईकांकडे उतरणाऱ्यांनी जाण्याआधी कोणत्या साली दालनात लावल्या आहेत ते फोनवर विचारावं. सगळ्या एकाच वेळी बाहेर काढत नाहीत.